आठवीचा पट आणि दहावीचा निकाल : आमच्या गावच्या जिल्हा परिषद हायस्कूलचे परीक्षण

दहावीचा निकाल लागून आठ-दहा दिवस झाले, की आमच्या गावातले पालक सातवी झालेल्या मुलांचे दाखले पिशवीत घालून एकमेकांना विचारू लागतात की आठवीला कुठे घालायचे. पश्चिम विदर्भातले हे तालुक्याचे गाव आहे. येथे आठवीसाठी तीन वाटा आहेत : जिल्हा परिषदेचे जुने हायस्कूल, एका शिक्षण संस्थेचे अनुदानित विद्यालय आणि अलीकडे निघालेली स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा. माझी मुलगी २०२५ मध्ये जिल्हा परिषदेच्या हायस्कूलमधून दहावी झाली, धाकटा मुलगा यंदा तिथेच आठवीत गेला आणि मी स्वतः १९९४ मध्ये त्याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झाले. त्यामुळे हा प्रश्न मला इतक्या जणी विचारतात, की एकदा नीट बसून उत्तर लिहावे असे ठरवले. शाळेचे नाव मी लिहीत नाही. शिक्षक मोजके आहेत, नाव लिहिले की प्रत्येक वाक्य कुणा ना कुणा एका माणसावर जाऊन पडेल, आणि ज्या उणिवा मी सांगणार आहे त्यांपैकी बहुतेक त्या माणसांच्या हातातल्या नाहीत.

शाळा ‘माजी शासकीय’ आहे. विदर्भात जुनी सरकारी हायस्कुले पुढे जिल्हा परिषदांकडे आली आणि अशा अनेक शाळांच्या नावात, कंसात का होईना, हा शब्द अजून टिकून आहे. आमच्या शाळेची मूळ इमारत दगडी आहे, भिंती जाड आहेत, छत उंच आहे, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडते तेव्हाही वर्गात बसवते, हे नव्या सिमेंटच्या इमारतीत बसणाऱ्या मुलांना विचारून पाहावे. आवारात कडुनिंब आहेत, मोठे मैदान आहे. मागच्या बाजूच्या चार खोल्या मात्र पत्र्याच्या आहेत, आणि पाचवी ते सातवीची मुले तिथे बसतात. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजाने त्या खोल्यांतला तास ऐकू येत नाही, ही तक्रार मी विद्यार्थिनी होते तेव्हाही होती आणि आजही आहे.

आता निकालाकडे येते, कारण पालक आधी तोच विचारतात. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. कोकण विभाग ९८.८२ टक्क्यांसह पहिला होता आणि आमचा अमरावती विभाग ९२.९५ टक्क्यांवर होता. आमच्या हायस्कूलमधून त्या वर्षी ६६ विद्यार्थी परीक्षेला बसले आणि ५६ उत्तीर्ण झाले, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशीही पुरते नाहीत. त्याच दिवशी गावाच्या चौकात दुसऱ्या एका शाळेचा फलक लागला होता, त्यावर ‘निकाल १०० टक्के’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि खाली गुणवंतांची छायाचित्रे होती. फलक पाहून कुणीही पालक जो निष्कर्ष काढेल तोच गावाने काढला आणि यंदा आमच्या शाळेत आठवीला येणारी मुले कमी झाली. हा निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे आणि हे परीक्षण मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

दहावीचा शेकडा निकाल काढताना भाजक कोणता असतो, हे आपण पाहत नाही. परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांतून किती उत्तीर्ण झाले, एवढेच तो आकडा सांगतो. परीक्षेपर्यंत पोहोचूच दिले गेले नाहीत त्यांच्याविषयी तो काहीच बोलत नाही. मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंत आहे. त्यामुळे ज्या शाळेला आपला निकाल झळझळीत ठेवायचा आहे तिची खरी चाळणी नववीत लागते. कच्च्या मुलाला नववीत नापास करतात, किंवा त्याच्या वडिलांना बोलावून समजुतीच्या सुरात सांगतात की मुलाचा दाखला काढून घ्या आणि १७ नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून बसवा, म्हणजे त्याचे वर्षही वाचेल. बाहेरून बसणाऱ्यांची ही सोय मुळात शाळा सुटलेल्यांना परत आणण्यासाठी आहे आणि त्या कामी ती मोलाची आहे. परंतु नियमित शाळेत येणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्या दाराने बाहेर काढले, की तो शाळेच्या निकालातून नाहीसा होतो आणि त्याबरोबर रोजच्या वर्गातूनही जातो. माझ्या नात्यातल्या एका मुलाच्या बाबतीत हे झाले आहे. त्याच्या वडिलांनी तो सल्ला उपकार म्हणून स्वीकारला, मुलगा वर्षभर घरी आणि शेतात राहिला आणि परीक्षेला गेलाच नाही. ती शाळा कोणती होती हे मी सांगणार नाही, कारण असे करणारी ती एकटीच नाही.

म्हणून मी मुलीच्या तुकडीपुरता वेगळा हिशेब केला. २०२२ च्या जूनमध्ये आठवीच्या दोन तुकड्यांत मिळून ७१ मुले-मुली होती. तीन वर्षांनी त्यांतली ६६ परीक्षेला बसली. जी पाच गेली त्यांतल्या दोघांचे आईवडील कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेले, दोघांनी शाळा बदलली आणि एका मुलाची शाळाच सुटली. ६६ पैकी ५६ मार्चमध्ये उत्तीर्ण झाले आणि उरलेल्या दहांपैकी पाच जण जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत सुटले. म्हणजे आठवीच्या पटावरच्या ७१ पैकी ६१ मुले त्याच शाळेच्या नावाने दहावी झाली. नापास होण्याची शक्यता ज्यांच्या कपाळावर लिहिलेली होती अशांनाही शाळेने परीक्षेला बसवले, पुरवणीसाठी मे महिन्याच्या उन्हात त्यांचे वर्ग घेतले आणि अर्ज स्वतः भरून दिले. मुख्याध्यापकांना मी एकदा विचारले होते, की निकाल खाली येतो याचे वरिष्ठांकडून काही ऐकावे लागत नाही का. ते म्हणाले, “ताई, ऐकावे लागते. पण दाखला हातात दिला की ते पोरगं परत येत नाही.” माझ्या दृष्टीने या शाळेची सर्वांत मोठी गुणवत्ता या एका उत्तरात आहे, आणि पालकांनी कोणत्याही शाळेत जाऊन पहिला प्रश्न विचारायचा तर हाच विचारावा, की तीन वर्षांपूर्वी तुमच्या आठवीत किती मुले होती आणि त्यांतली किती तुमच्याच नावाने उत्तीर्ण झाली.

शेकडा निकालाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. दहावीच्या बहुतेक विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे शाळेने करायचे मूल्यमापन असते, आणि उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही मिळून ३५ लागतात. शाळेने २० पैकी १८ दिले, तर लेखी ८० पैकी १७ गुणांत मूल सुटते. हे अंतर्गत गुण किती वजनदार आहेत हे २०१९ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, तेव्हा आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ८०-२० ची पद्धत परत आली आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात मुले इतकी ढासळली नव्हती आणि पुढच्या वर्षी इतकी सुधारलीही नव्हती. २०२१ मध्ये तर परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के लागला. आमच्या हायस्कूलमध्ये अंतर्गत गुण सैल हाताने दिले जात नाहीत असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. भाषेची तोंडी परीक्षा माझ्या मुलीच्या वर्गात एका दुपारी पन्नास मिनिटांत आटोपली होती, आणि इतक्या वेळात साठांहून अधिक मुलांचे बोलणे आणि ऐकणे कुणालाही तपासता येणार नाही. याबाबतीत ही शाळा इतरांपेक्षा वेगळी नाही.

मग मुले खरोखर किती शिकतात? येथे मला विषयवार बोलावे लागेल, कारण एकाच इमारतीत शेजारशेजारच्या दोन तासिकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मराठीच्या शिक्षिका ही या शाळेची संपत्ती आहे. नव्या अभ्यासक्रमात भाषेच्या प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, पाठांतरावर मिळणारे गुण घटले आणि उपयोजित लेखन, अपठित उतारा, कवितेचे रसग्रहण यांना महत्त्व आले. बहुतेक ठिकाणी यावरचा उपाय म्हणून तयार उत्तरांची मार्गदर्शके मुलांच्या हातात दिली जातात. या बाईंनी वेगळी वाट धरली. बातमीलेखनासाठी त्या मुलांना सोमवारच्या बाजारात पाठवत, आणि पालेभाजीचा भाव कुणी सांगितला, किती वाजता सांगितला, दुसऱ्या विक्रेत्याने काय सांगितले हे लिहून आणायला लावत. जाहिरातलेखनासाठी मुलांनी गावातल्या खऱ्या दुकानांच्या जाहिराती केल्या आणि त्यांतली एक सायकल दुरुस्तीच्या दुकानावर कित्येक महिने चिकटवलेली होती. पत्रलेखनाच्या वेळी वर्गाने एसटीच्या आगार व्यवस्थापकांना संध्याकाळची गाडी शाळा सुटण्याच्या दहा मिनिटे आधी निघून जाते, याविषयी अर्ज लिहिला. चौसष्ट अर्जांतून वर्गानेच एक निवडला, तो खरोखर आगारात नेऊन दिला आणि गाडीची वेळ पंधरा मिनिटांनी पुढे गेली. माझ्या मुलीला भाषेत किती गुण मिळाले हे तिला अजून दोन वर्षांनी आठवणार नाही, परंतु आपण लिहिलेल्या अर्जाने एक गाडी थांबली हे ती विसरायची नाही. १४ ते १८ या वयोगटाविषयीच्या २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सुमारे पाव मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता येत नसल्याचे आढळले होते. आमच्या आठवीतही अशी मुले येतात. बाई त्यांना शाळा भरण्याआधी अर्धा तास बोलावून मोठ्याने वाचायला लावतात, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही फलकावर नसतो.

गणिताची स्थिती याच्या उलट आहे आणि ती लपवून उपयोग नाही. माझी मुलगी नववीत जाण्याच्या सुमारास गणिताचे जुने शिक्षक सेवानिवृत्त झाले. ती जागा नवव्या वर्गाचे संपूर्ण वर्ष आणि दहावीच्या दिवाळीपर्यंत रिकामी होती. या काळात कधी विज्ञानाचे शिक्षक, कधी शारीरिक शिक्षणाचे शिक्षक वर्गावर येत. बीजगणित कसेबसे पुढे सरकले, भूमिती जवळजवळ थांबली. शेवटी पालकांनी वर्गणी काढून गावातल्या एका पदवीधर मुलीला तासिकेवर बोलावले. ती मनापासून शिकवीत असे, पण एकाच वेळी नववी आणि दहावी, दोन्ही तुकड्या, हे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. दिवाळीनंतर बदलीने एक अनुभवी शिक्षक आले तेव्हा परीक्षेला चार महिनेही उरले नव्हते. त्यांनी ‘अर्थनियोजन’, ‘सांख्यिकी’, ‘भौमितिक रचना’ अशी हमखास गुण देणारी प्रकरणे आधी घेतली आणि समरूपता, वर्तुळ, त्रिकोणमिती यांतली प्रमेये ज्यांना झेपतील त्यांच्यापुरती ठेवली. परीक्षेच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. मात्र ज्या दहा मुलांचा निकाल मार्चमध्ये अडला त्यांतली बहुतेक गणितात अडली, आणि जी सुटली त्यांतल्या अनेकांनी अकरावीला विज्ञान शाखेचा विचारही केला नाही. रिकाम्या जागेची खरी किंमत उत्तीर्णांच्या आकड्यात दिसत नाही. पुढे कोणकोणती दारे बंद झाली यात ती दिसते.

ही जागा रिकामी का राहिली, हे पालकांनी समजून घ्यावे, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन आवाज चढवण्यात वेळ जाणार नाही. मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरतीवर बंदी होती. त्यानंतर २०१७ मध्ये ऑनलाइन शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आले, परंतु त्यातून प्रत्यक्ष नेमणुका व्हायला २०१९ उजाडले आणि पुढची मोठी भरती २०२४ मध्ये झाली. या वर्षांत निवृत्त होणारे दर मे महिन्यात होत राहिले. त्यातच संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदे मंजूर करण्याचा, हिशेब पटावर चालतो. पट घसरला की मंजूर पदे कमी होतात, पदे कमी झाली की विषयशिक्षक उरत नाही, विषयशिक्षक नाही म्हणून पालक मुले काढून नेतात आणि पट आणखी घसरतो. चौकातला शंभर टक्क्यांचा फलक पाहून आपण मूल दुसरीकडे नेतो तेव्हा या चक्राला आपलाही हात लागतो, हे मी स्वतःसकट सर्वांना सांगते, कारण मुलगी नववीत असताना तिचा दाखला काढण्याचा अर्ज मीही लिहून ठेवला होता.

शाळेचा एक दोष मात्र पूर्णपणे शाळेचाच आहे आणि त्याबद्दल मला राग आहे. आठवीत प्रवेश देताना ‘अ’ तुकडी सेमी इंग्रजीची आणि ‘ब’ तुकडी मराठी माध्यमाची केली जाते. सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, बाकीचे विषय मराठीतून. कागदावर ही पालकांची निवड आहे. प्रत्यक्षात सातवीचे गुण पाहून हुशार समजली जाणारी, शहरात राहणारी, घरी कुणीतरी शिकलेले असणारी मुले ‘अ’ मध्ये जातात आणि आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी ‘ब’ मध्ये. अनुभवी शिक्षकांच्या पहिल्या तासिका ‘अ’ ला मिळतात, प्रयोगशाळेचा वार ‘अ’ चा असतो, विज्ञान प्रदर्शनात ‘अ’ ची मुले जातात. मार्चमध्ये अडलेल्या दहांपैकी आठ ‘ब’ तुकडीतली होती. माझी मुलगी ‘अ’ मध्ये होती, त्यामुळे या व्यवस्थेचा लाभ आमच्या घराला झाला, आणि म्हणूनच हे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. आपल्याच भाषेत गणित शिकणे ही कमी प्रतीची गोष्ट आहे, असा अर्थ तेरा वर्षांच्या मुलांना तुकडीच्या नावावरूनच कळतो, आणि कोणत्याही मुलाला शाळेने असे काही शिकवता कामा नये.

विज्ञानाची प्रयोगशाळा जुनी असली तरी जिवंत आहे. लाकडी मेजे आहेत, नळाला पाणी येते, बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग प्रत्येक मुलाने स्वतः केला होता, आणि जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवलेले चालत नसे. सूक्ष्मदर्शक दोनच आहेत. रसायने कधी कधी संपलेली असतात. संगणक कक्षाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खोली आहे, यंत्रे आहेत, वीज असते तेव्हा त्यांतली निम्मी चालू होतात.

चित्रकलेच्या शिक्षकाची जागा अनेक वर्षे रिकामी आहे, आणि याकडे पालक दुर्लक्ष करतात ते चूक आहे. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा देणाऱ्या मुलांना इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीत वाढीव गुण मिळतात. ज्या शाळांत चित्रकलेचा शिक्षक आहे तिथली मुले हे गुण सहज घेऊन जातात, आमच्या मुलांना त्या परीक्षांची माहितीही नसते. खेळाचे मात्र चांगले आहे. मैदान मोठे असल्याने कबड्डी आणि खो-खोचे संघ तालुक्याच्या पुढे जातात, आणि मुलींचा खो-खोचा संघ गावाच्या अभिमानाचा विषय आहे.

मुलींचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण खेड्यांतल्या आयांना हेच आधी जाणून घ्यायचे असते. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, ही योजना अहिल्याबाई होळकरांच्या नावाने आहे, आणि शाळेतला लिपिक शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच सर्व मुलींचे अर्ज एकत्र करून आगारात नेतो. इतर ठिकाणी मुलींना यासाठी दोन-तीन खेटे घालावे लागतात. आमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात आहे, त्यामुळे शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. मदत खात्यावर यायला उशीर होतो, पण यादी करताना शाळेने कधी कुणाला वगळल्याचे मी ऐकले नाही. मुलींची स्वच्छतागृहे दोन वर्षांपूर्वीपर्यंत अत्यंत वाईट होती. दाराला कडी नव्हती, पाणी बादलीने न्यावे लागे, आणि त्या चार दिवसांत मुली घरीच राहत. पालक-शिक्षक संघाच्या सभेत एका आजींनी उभे राहून हे सर्वांसमोर सांगितले तेव्हा सभेतले पुरुष खाली पाहू लागले होते. त्यानंतर लोकवर्गणी आणि ग्रामस्थांच्या श्रमदानातून दोन स्वच्छतागृहे नीट झाली आणि टाकीतून पाणी आले. हजेरीपट पाहिला तर त्यानंतरच्या महिन्यांत नववी-दहावीच्या मुलींची गैरहजेरी घटलेली स्पष्ट दिसते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत असण्याचा एक लाभ पालकांना ठाऊकच नसतो. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची, म्हणजे ‘एनएमएमएस’ची, परीक्षा आठवीत असते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते, आणि ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला तिला बसता येत नाही. कर्ज काढून इंग्रजी शाळेचे शुल्क भरणाऱ्या कित्येक कुटुंबांनी हा मार्ग न कळत स्वतःच बंद केलेला असतो. आमच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक बुद्धिमत्ता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी या दोन्हींची तयारी जुलैपासून डिसेंबरपर्यंत शनिवारी करून घेतात, आणि मुलीच्या वर्गातली तीन मुले निवडली गेली. त्यांतल्या एकाचे वडील हमाली करतात. त्या पैशातून त्याने नववीत पहिल्यांदा स्वतःची पुस्तके विकत घेतली, कारण मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंतच मिळतात.

इंग्रजीविषयी थोडक्यात सांगते. व्याकरण चांगले होते, बोलणे होत नाही. मुले उतारा वाचून उत्तरे लिहू शकतात, पण मुलाखतीत स्वतःचे नाव-गाव सांगण्यापलीकडे गडबडतात. पालकांनी याची सोय अन्यत्र करावी लागेल हे गृहीत धरावे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे, तो वेळेवर शिजतो आणि मी स्वतः दोनदा खाऊन पाहिला आहे. डाळ पातळ असली तरी अन्न ताजे असते. दाखले, बोनाफाइड, जातपडताळणीसाठी लागणारा जुन्या नोंदींचा उतारा ही कामे येथे विनासायास होतात. माझ्या वडिलांच्या १९५० च्या दशकातल्या प्रवेशाची नोंद लिपिकाने अर्ध्या तासात शोधून दिली होती, ती ओळीन् ओळ शाबूत होती.

दहावीनंतर काय, याबाबत शाळेकडून मार्गदर्शन जवळजवळ मिळत नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सर्व राज्यात एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. पसंतीक्रम कसा भरायचा हे आमच्या मुलांना कुणी सांगितले नाही, आणि काहींनी जिल्ह्याच्या ठिकाणची अशी महाविद्यालये लिहिली, की जिथे राहण्याची सोय करणे त्यांच्या घरच्यांना शक्य नव्हते. दोन मुलींचे प्रवेश यामुळे पहिल्या फेरीत वाया गेले. मे महिन्यात एक दिवस, एक शिक्षक आणि संगणक कक्षातली चालू असलेली चार यंत्रे एवढ्यानेही हे टळले असते.

आता ज्या आया मला विचारतात त्यांना सरळ सांगते. ज्यांचे मूल अभ्यासात मागे आहे, ज्यांच्या घरी शिकवणारे कुणी नाही, ज्यांना खेड्यातून मुलगी पाठवायची आहे, त्यांनी डोळे मिटून याच शाळेत यावे. येथे मुलाला कुणी बाहेर काढणार नाही आणि वाचता येत नसेल तर वाचायला शिकवतील. ज्यांना मूल पुढे अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेकडे न्यायचे आहे त्यांनी प्रवेश घेण्याआधी गणिताच्या शिक्षकांच्या निवृत्तीला किती वर्षे आहेत हे विचारून घ्यावे. हा प्रश्न विचित्र वाटेल, पण शाळेच्या कोणत्याही सुविधेपेक्षा तुमच्या मुलाच्या तीन वर्षांवर त्याचा परिणाम अधिक होणार आहे. सध्याच्या शिक्षकांची सहा वर्षे शिल्लक आहेत.

धाकट्याच्या प्रवेशाच्या वेळी लिपिकाने त्याचे गुण पाहून अर्जावर आपणहून ‘अ’ लिहिले होते. मी ते खोडून ‘ब’ लिहायला लावले. घरी यावरून वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. ऑगस्टच्या सभेत आम्ही काही पालकांनी दोन मागण्या लेखी दिल्या आहेत : तुकड्या गुणांवरून न पाडता दोन्ही तुकड्यांत सर्व प्रकारची मुले असावीत, आणि प्रयोगशाळेचा एक वार ‘ब’ तुकडीला मिळावा. दुसरी मागणी मान्य झाली आहे. गेल्या गुरुवारी धाकटा घरी आला तेव्हा त्याच्या बोटांना लिटमसचा निळा रंग लागलेला होता.